बिल्ला ६१२

आधी डोळ्यांनी बघायचं, नखाने नाही.
खिडकीशी, सकाळी साडेनऊच्या आत,
समोरच्या टॉवरची सावली टेबलावर चढायच्या आधी.

हिरवं म्हणजे सगळं एकच नसतं, नफिसाबाई.
हे बघा, चिकट, काडी लावली तर तार धरतं.
हा गंज नव्हे. हे माझं कर्तृत्व.
फोर्टातून आणला होता प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम,
चांगले पैसे मोजून.
दोन उन्हाळ्यांत प्लास्टिकला घाम फुटला
आणि चाळीस बिल्ल्यांना लागला.
जे खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात खडखडत पडले होते
त्यांना काही झालं नाही.
असिटोनने निघतं ते. नेलपॉलिशवालं नको, शुद्ध हवं,
काचेच्या वाटीत, खिडकी उघडी,
आणि ओट्यावर गॅस चालू नाही ना, बघून.

हे दुसरं. काळपट, कातडीसारखं घट्ट.
ह्याला हात लावायचा नाही.
आमच्या वहिनींनी एका दिवाळीत
चिंच-मीठ लावून बारा बिल्ले घासले,
ताटात मांडून म्हणाल्या, बघा, सोनं!
सोनं कसलं, गुलाबी झाले होते,
नुकती खपली निघालेल्या गुडघ्यासारखे.
मी म्हटलं, छान.
जेवायचं त्यांच्याच हातचं होतं.

आणि हे तिसरं, तुमचं.
फिकट, पिठूळ, पिस्त्याच्या चुऱ्यासारखं,
सहाच्या पोटात आणि भोकाच्या कडेला.
पुसलं की जातं, आठवड्याने परत येतं.
ह्याला रोगच म्हणतात.
धातूच्या आत मीठ शिरलेलं असतं,
हवेतला ओलावा त्याला रोज जेवू घालतो,
आणि माझगावात ओलाव्याला काय तोटा.

कुठे होता हा इतकी वर्षं?
"अब्बांच्या डांगरीच्या खिशात.
अम्मीने ती धुऊ दिली नाही."

मीठ कुठलं, ते मग मी विचारलं नाही.

सुई नको, सुईचा ओरखडा कायमचा.
दारूखान्याच्या रुळांकडेला एक बाभूळ उरलीय,
तिचा काटा आणतो मी.
भिंगाखाली, एका वेळी एक कण.
मग बॅटरीत घालतात ते पाणी, रोज नवं.
जुन्या पाण्यात औषधाचा एक थेंब टाकायचा:
दुधाळ झालं, तर मीठ अजून सुटतंय.
एकवीस दिवस दुधाळ होत होतं.
बाविसाव्या दिवशी पाणी पाण्यासारखं राहिलं,
तर मलाच चुकल्यासारखं वाटलं.

तुम्हाला सांगितलं नव्हतं,
त्या फाटकावर टाइमकीपर मीच होतो.
आत येताना माणूस फळ्यावरचा बिल्ला उचलायचा,
जाताना परत टांगायचा.
खिळा रिकामा म्हणजे माणूस आत.
गोदी बंद झाली त्या संध्याकाळी
सगळे खिळे भरले, एक सोडून.
मी टॉर्च घेऊन फिरलो दोन तास,
उघड्या पडलेल्या जहाजाच्या पोटात वाकून हाका मारल्या,
परकार, ओ परकार.
माझाच आवाज लोखंडाला लागून परत यायचा.
तुमचे अब्बा तेव्हा घरी बसून
चहा पीत असतील.
दुसऱ्या दिवशी विचारायला फाटकच नव्हतं.
रजिस्टरात शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे:
६१२, आत.

"बरा झाला का?"
बरा होत नाही. थांबतो.

तिने फळा बघितला, माझ्या पलंगाच्या डोक्याशी लावलेला.
रिकामा खिळाही बघितला असणार.
मी खुर्ची सरकवून वाट करून दिली.
तिने पर्स उघडली.

पर्समध्ये नको, म्हटलं, चामड्यात आम्ल असतं.
ह्या कागदात घ्या. डबीत ही दाण्यांची पुडी ठेवा,
ती ओलावा पिते.
आणि पाऊस लागला की
एकदा दाखवून जा.